सोडण्याचे मुहूर्त आणि सुटल्यानंतरचे दिवस

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या भवानीनगरला वर्ष दोन पंचांगांवर चालते. एक श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडली की हंगाम सुरू, आणि उन्हाच्या तोंडावर पट्टा पडला की हंगाम बंद. दुसरे देवाधर्माचे: तुकोबांची पालखी, श्रावण, गणपती, नवरात्र, गावची जत्रा. पिणाऱ्या माणसाचे पिणे आणि सोडणे ह्या दोन्ही पंचांगांना बांधलेले असते. उसाचे बिल, बोनस, हळदीची रात्र, निवडणुकीचे जेवण ही पिण्याची निमित्ते. माळ, श्रावण, नवरात्र, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ ही सोडण्याची निमित्ते.

सोडण्याचे मुहूर्त आपल्याकडे भरपूर आहेत. सुटल्यानंतरच्या रिकाम्या दिवसांचे काय करायचे याची सोय मात्र फार थोडी आहे, आणि माणूस घसरतो तो तिथेच. महाराष्ट्रात गेल्या शंभर-दीडशे वर्षांत दारूविरुद्ध जे जे झाले, ते ह्या एका प्रश्नाच्या उजेडात पाहावे असे मला वाटते. नवा होऊ पाहणाऱ्या माणसाला त्या त्या उपायाने दुसऱ्या दिवशी काय दिले?

श्रावणापासून सुरुवात करू. आषाढ अमावास्येपर्यंत प्यायचे आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बंद ठेवायचे, हा शिरस्ता गावोगाव आहे. ‘मी श्रावण पाळतो, म्हणजे मला व्यसन नाही’ हे वाक्य ज्या घरात दारू आहे त्या घरातल्या प्रत्येक बाईने ऐकलेले असते. ते खरे नाही. महिनाभर थांबता येणे हा व्यसन नसल्याचा पुरावा होत नाही. ज्याचे लक्ष तीसही दिवस श्रावण संपण्याकडे लागलेले असते, ज्याची चिडचिड घरातले सगळे सोसतात आणि जो सुरू केल्यावर ठरवलेल्या मापावर थांबू शकत नाही, त्याचे नाते दारूशी तुटलेले नसते. खंड पडला एवढेच.

या अचानक सोडण्यात एक धोकाही आहे, आणि तो गावात पुरेसा माहीत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याचे शरीर दारूला सरावलेले असते. ती एकदम बंद झाली की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे बोलताना ऐकू येतात. घरचे याला बाहेरची बाधा समजतात आणि अंगारा लावत बसतात. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य गोळ्या आणि ब-1 जीवनसत्त्व दिले तर हेच दिवस सुखरूप पार पडतात. पुन्हा पुन्हा धरून पुन्हा पुन्हा झटक्यात सोडणाऱ्याला पुढच्या खेपेचा त्रास आधीपेक्षा जास्त होण्याची भीती असते. तेव्हा वर्षानुवर्षे पिणाऱ्याने सोडायचे ठरवले, तर त्याच्या निश्चयाचे कौतुक करावे आणि त्याला आधी दवाखान्यात न्यावे.

जेवणात गुपचूप कालवायच्या औषधाबद्दलही इथेच बोलायला हवे. अशा पुड्यांच्या जाहिराती खेड्यातल्या भिंतींवर आजही दिसतात. डायसल्फिरम नावाचे खरे औषध आहे. दारूशी त्याचे वाकडे असते हे 1940 च्या दशकात डेन्मार्कमध्ये लक्षात आले. ते घेतलेला माणूस प्यायला तर तोंड लाल होते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, आणि प्रसंगी जीव जातो. माणसाला सांगून, त्याच्या संमतीने दिले तर ते त्याच्या निश्चयाचा टेकू होते. नकळत दिले तर ते विष आहे. शिवाय फसवून थांबवलेला माणूस काहीच शिकत नाही. दुसऱ्या दिवशी तो होता तिथेच असतो.

आता वारकऱ्याच्या तुळशीमाळेकडे वळू. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामती सोडून काटेवाडीला येते. तिथे मेंढ्यांचे रिंगण होते. मग भवानीनगर, सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, आणि पुढे निमगाव केतकीवरून इंदापूर. या वाटेवरच्या किती तरी घरांत ‘वारीला गेले आणि माळ घालून आले, तेव्हापासून घेत नाहीत’ अशी एखादी गोष्ट सांगितली जाते. ह्या गोष्टींना मी मनापासून मान देतो, कारण माळ शपथेवर थांबत नाही. दारूची जी वेळ असते, दिवेलागणीची, त्याच वेळेला ती हरिपाठ ठेवते. एकादशी ठेवते. दिंडीतली माणसे देते, आणि वर्षभराने त्याच माणसांत पुन्हा चालायचे आहे ही ओढ देते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नकार देण्याचे ओझे ती माणसाच्या डोक्यावरून उतरवते. गळ्यात माळ दिसली की मंडपामागे जमलेले मित्र ‘अरे, एकच घे’ म्हणत नाहीत. त्याच्या वतीने गावानेच नाही म्हटलेले असते.

माळेची एक अडचण मात्र मोकळेपणाने मांडायला हवी. जो घसरतो त्याला आपण देवाशी खोटे वागलो असे वाटते. तो माळ खुंटीला लावतो, दिंडीतल्या माणसांना तोंड दाखवत नाही, आणि ज्या सोबतीने तो वाचला असता तीच सोबत आधी तुटते. घसरलेल्याला परत घ्यायची रीत वारकरी संप्रदायाच्या करुणेत नक्कीच बसते. प्रत्येक फडाने, प्रत्येक भजनी मंडळाने ती उघड पाळायला हवी.

धर्माच्या वाटेने दारू सोडवण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात अनेक झाले. गाडगेबाबांनी कीर्तनात समोरच्या माणसांनाच प्रश्न विचारून दारूचा आणि कर्जाचा हिशेब त्यांच्याकडून वदवून घेतला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बौद्ध धम्माच्या दीक्षेवेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते. तिथे व्यक्तीची सुधारणा आणि एका समाजाने जुने जगणे टाकून देणे यांत फरक केलेला नव्हता. धर्माच्या वाटेबाहेर, महात्मा फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, 1880 मध्ये, शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिले होते. दुकान आणि माणूस यांचा विचार एकत्र करावा लागतो, हे त्यांना तेव्हाच दिसले होते.

मराठी रंगभूमीने हा प्रश्न मांडला तो 1919 मध्ये. राम गणेश गडकरी त्याच वर्षी जानेवारीत वारले, आणि ‘एकच प्याला’ त्यांच्या पश्चात रंगमंचावर आले. दारूत बुडालेल्या सुधाकरच्या बायकोच्या, सिंधूच्या, सोशिकतेवर आपण खूप रडलो. पण मला त्या नाटकातला सर्वांत खरा भाग वाटतो तो सुधाकरच्या सोडण्याचा आणि पुन्हा धरण्याचा. शुद्धीवर आलेला सुधाकर काम शोधायला बाहेर पडतो, तेव्हा जुने जग त्याला जुन्याच नजरेने पाहते. मान मिळत नाही, उद्योग मिळत नाही. त्याच्यासाठी जागा राखून असते ती एकाच ठिकाणी, दारूबाज तळीरामाच्या मंडळात. दारू सोडलेल्या माणसाला समाजाने पुन्हा आत घ्यायचे असते. ते झाले नाही तर काय होते, हे गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवले. शेवटी पश्चात्तापाच्या भरात मरणारा सुधाकर पाहून प्रेक्षकाला धडा मिळतो. सुधाकरला मात्र दुसरा दिवस मिळत नाही.

तो दुसरा दिवस देण्याचे काम पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी सुरू झाले. अनिल अवचट यांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या, अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी त्याच आवारात ‘मुक्तांगण’ उभे केले. त्यांना सगळे ‘मॅडम’ म्हणत. पुढे कर्करोगाशी झुंजतानाही त्यांनी काम सोडले नाही. 1997 मध्ये त्या गेल्या. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर संस्था सांभाळतात. अनिल अवचट जानेवारी 2022 मध्ये गेले.

मुक्तांगणचा उपचार पाच आठवड्यांचा. पहिले दिवस शरीरातली दारू उतरण्याचे, मग पहाटे उठणे, व्यायाम, साफसफाई, गटात बसून बोलणे, समुपदेशन. बाहेरून पाहणाऱ्याला हे शाळकरी वेळापत्रक वाटेल. पण ज्याचा दिवस वर्षानुवर्षे पहिल्या घोटाने उजाडला आणि शेवटच्या घोटाने मावळला, त्याला सकाळ, दुपार, संध्याकाळ पुन्हा वेगवेगळ्या करून देणे हाच तिथला उपचार आहे. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. तिथले बरेचसे कार्यकर्ते स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत. नव्याने दाखल झालेल्याच्या थापा त्यांना पहिल्या वाक्यात कळतात, कारण त्यांनी त्या मारलेल्या असतात. आणि ‘ह्यातून कोणी सुटत नाही’ या त्याच्या निराशेला उत्तर म्हणून ते स्वतःच समोर उभे असतात. सुटल्याला एक वर्ष झाले की वाढदिवस साजरा होतो. घरच्यांसमोर, टाळ्यांत. अपमानाची सवय झालेल्या माणसाला तेवढा मान पुढच्या वर्षाची शिदोरी होतो.

पण पाच आठवडे पुरे पडतात का? सवय एकवीस दिवसांत लागते किंवा सुटते, असे आपण सर्रास म्हणतो. फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये केलेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोजची साधी नवी सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. कोणाला 18, तर कोणाला 254 दिवस लागतील असा त्यांचा अंदाज निघाला. त्या सवयी होत्या पाणी पिण्याच्या, चालायला जाण्याच्या. दारूचे काम त्याहून कितीतरी अवघड. जुनी सवय मेंदूतून पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी वाट पाडावी लागते, आणि नवी वाट रुळेपर्यंत जुनी वाट खुणावत राहते. खुणा असतात जागा, वेळ, माणूस, वास, खिशातला पैसा. अमेरिकेच्या ली रॉबिन्स यांनी 1970 च्या दशकात व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी फार थोडे मायदेशी आल्यावर पुन्हा त्यात अडकले. त्यांची जागाच बदलली होती. आपल्या माणसाचे उलटे होते. तो पुण्याच्या केंद्रात, अनोळखी जागी सुधारतो आणि परत येतो तो त्याच चौकात, त्याच टपरीपाशी, त्याच पाळीवर.

म्हणून केंद्रातून परतल्यानंतरची व्यवस्था हा सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. त्यावर जगभर टिकलेले उत्तर म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, आपल्याकडे ज्याला नुसते ‘एए’ म्हणतात. 10 जून 1935 ला अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एक पिणारा शल्यचिकित्सक, काही महिने आधीच थांबलेल्या एका शेअर दलालाच्या आधाराने, थांबला. तिथून हे सुरू झाले. 1957 मध्ये एए भारतात आले, आणि आज महाराष्ट्रात त्याच्या सभा मराठीतही चालतात. फी नाही, नोंदवही नाही, आडनाव सांगायची गरज नाही. आजचा दिवस प्यायचे नाही एवढेच ठरवायचे, उद्याचे उद्या. भूक, राग, एकटेपण आणि थकवा या चार वेळा सांभाळायच्या. ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करून शक्य तिथे भरपाई करायची. 2020 मध्ये वैद्यकीय अभ्यास पारखणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात 27 अभ्यास एकत्र तपासले गेले. पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एए आणि त्यावर आधारलेले उपचार इतर प्रस्थापित उपचारांइतके, काही बाबतींत त्यांहून सरस ठरले. एएच्या कार्यक्रमातल्या बाराही पायऱ्या प्रत्येकाला पटतील असे नाही, आणि देवाचा उल्लेख काहींना अडतो. मला तिथली एक रीत सगळ्यांत मोलाची वाटते. घसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी येऊन ‘स्लिप झाली’ असे सांगतो आणि त्याला खुर्ची मिळते. माळेच्या वाटेवर जी जागा रिकामी राहते, ती इथे भरलेली आहे.

घसरणे ही अपवादाची गोष्ट नाही. व्यसनातून उपचार घेतलेल्यांपैकी साधारण 40 ते 60 टक्के पुन्हा कधीतरी घसरतात, असा अमेरिकेच्या व्यसनविषयक राष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे. दमा आणि रक्तदाबाच्या रुग्णांतही आजार उलटण्याचे प्रमाण याच्या आसपास असते. रक्तदाब वाढला म्हणून कोणी रुग्णाला घराबाहेर काढत नाही. गोळ्या बदलतात, मीठ कमी करतात. दारूच्या बाबतीत हाच धीर हवा.

धीर कोणी धरायचा, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. आजवर तो बायकोनेच धरलेला आहे. नवरा सुटला की घर आनंदाने उजळते असे आपण समजतो. प्रत्यक्षात पहिले काही महिने फार कठीण जातात. नवऱ्याला वाटते, मी एवढे केले, आता विश्वास ठेवा. बायकोचा हात मात्र त्याच्या उशीखाली जातो आणि नाक त्याच्या श्वासाकडे. तिने इतकी वर्षे कर्ज, किराणा, मुलांची फी एकटीने पेललेली असते. आता सगळे व्यवहार एका दिवसात त्याच्या हाती परत द्यायचे का? देऊ नयेत. विश्वास हप्त्याहप्त्याने परत येतो, आणि त्याचा वेग ठरवायचा हक्क तिचा आहे. मुक्तांगणने पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट सुरू केला, तो याच जाणिवेतून. तिची झोप, तिची भीती, तिचा राग यांवर कोणी बोलले नाही, तर सुधारलेल्या नवऱ्याच्या शेजारी ती आजारीच राहते. पिणाऱ्या बायकाही आहेत, आणि त्यांची लाज दुप्पट असते. त्यांच्यासाठी मुक्तांगणने ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढला.

आता पुन्हा ऊसपट्ट्यात येऊ. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने या भागात ऊस आला, आणि उसाबरोबर मळी. एक टन ऊस गाळला की सुमारे चार-साडेचार टक्के मळी निघते. तिच्यापासून अल्कोहोल होते. अलीकडे त्यातले पुष्कळ पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलकडे वळते, तरी देशी दारूचा कच्चा माल हाच. म्हणून साखर कारखानदारीची या प्रश्नात विशेष जबाबदारी आहे असे मी मानतो.

हंगामी कामगाराचे जगणेच पिण्याला वाट करून देते. तीन पाळ्यांत झोप मोडते, पट्टा पडल्यावर हात रिकामे राहतात. ऊसतोड कामगाराची अवस्था त्याहून बिकट आहे. बीड, अहिल्यानगरकडून नवरा-बायको मिळून एक कोयता येतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. थंडीत पहाटेपासून तोड, मग मोळ्या वाहणे, रात्री गाडी भरणे. अंग ठणकते, आणि क्वार्टर हे तिथे सर्वांत सहज मिळणारे वेदनाशामक असते. बाई तेवढेच राबते आणि वर चूल पेटवते. उचलीतून नवऱ्याने प्यायलेला पैसा तिच्याही कोयत्यातून फिटतो. यांच्यापर्यंत कोणतेही केंद्र पोचत नाही, कारण सहा महिने ते इथे असतात आणि सहा महिने गावी.

बंदीविषयी थोडक्यात. मुंबई प्रांताचा 1949 चा दारूबंदी कायदा, नाव बदलून, आजही राज्यात लागू आहे, आणि परवान्याशिवाय पिणे कागदावर गुन्हा आहे. गडचिरोलीत अभय व राणी बंग आणि तिथल्या गावांनी चालवलेल्या चळवळीनंतर 1993 मध्ये जिल्हाबंदी आली. चंद्रपूरला ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. बायकांनी मतदानाने ‘आडवी बाटली’ निवडून गावातले दुकान बंद पाडल्याची उदाहरणे राज्यात अनेक आहेत. दुकान लांब गेले की नव्याने सुटलेल्याची एक खूण कमी होते, हा फायदा खरा आणि मोठा आहे. म्हणूनच मी त्या बायकांच्या बाजूने आहे. पण राळेगणसिद्धीत एकेकाळी पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिले गेले, त्याचे समर्थन मला करता येत नाही. धाकाने गाव शांत होते. त्या माणसाच्या संध्याकाळी मात्र तशाच रिकाम्या राहतात.

गरज किती मोठी आहे, हे दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसते. दारूच्या प्रश्नासाठी मदतीची गरज असलेले सुमारे 5.7 कोटी लोक देशात आहेत. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळाला होता, आणि दाखल होऊन उपचार घेतलेला 180 मध्ये एक. एवढ्या लोकांसाठी केंद्रे बांधून होणार नाही. गोव्यात ‘संगात’ संस्थेने दुसरी वाट दाखवली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या, अपायकारक पातळीवर पिणाऱ्या पुरुषांशी थोडे प्रशिक्षण घेतलेले साधे स्थानिक लोक एक ते चार वेळा बसून बोलले. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी 36 टक्क्यांचे पिणे सुरक्षित मर्यादेत आले. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होते. पूर्ण आहारी गेलेल्यांना याहून जास्त मदत लागते. पण तिथवर पोचण्याआधी माणूस अडवता येतो, आणि ते काम बारावी शिकलेली, ऐकून घेणारी गावातली व्यक्तीही करू शकते, हे त्यातून कळते.

भवानीनगरसारख्या गावात एवढे करता येईल. कारखान्याने, ग्रामपंचायतीने किंवा एखाद्या भजनी मंडळाने आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली उघडी ठेवावी. तिथे सुटलेल्यांनी बसावे, आणि घसरलेल्यांना आत येऊ द्यावे. शेजारच्या खोलीत त्यांच्या बायकांना बसता यावे. उपचारासाठी रजा घेतलेल्या कामगाराला परत आल्यावर त्याची जागा मिळेल, हे व्यवस्थापनाने लेखी द्यावे. जमेल तितके दिवस रात्रपाळी टाळावी. ऊसतोडीच्या कोप्यांवर आरोग्याची गाडी जाते, तिच्यात बोलणारा एक माणूस वाढवावा. लग्नाच्या, जत्रेच्या रात्री मंडपामागे जेव्हा कोणी ‘नको’ म्हणेल, तेव्हा त्याला दुसऱ्यांदा विचारू नये.

आणि ज्याच्या घरात आज हा प्रश्न आहे त्याने पुढच्या मुहूर्ताची वाट पाहू नये. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा 14446 हा क्रमांक देशभर निःशुल्क आहे. पिणाऱ्याने फोन केला पाहिजे असे नाही; बायको, आई, भाऊ, मित्र, कोणीही करू शकतो.